आरएस ऑफियुची: स्फोटानंतर ताऱ्याची लुकलुक का थांबते?

आरएस ऑफियुची हा भुजंगधारी तारकासमूहातला तारा एरवी दुर्बिणीशिवाय दिसत नाही. भडकला की मात्र काही दिवस नुसत्या डोळ्यांनी दिसतो. १८९८ पासून तो अनेकदा भडकलाय.

खरं तर हे दोन तारे आहेत. तांबड्या राक्षसी ताऱ्याचा वायू शेजारच्या श्वेतबटूभोवती तबकडीसारखा फिरत त्याच्यावर पडतो. हे पडणं एकसारखं नसतं, म्हणून प्रकाश काही मिनिटांतच कमीजास्त होतो. (आपल्या हवेमुळे सगळेच तारे लुकलुकतात, ती ही लुकलुक नव्हे.) साठलेला थर पेटला की स्फोट होतो.

१२ फेब्रुवारी २००६ च्या स्फोटानंतर ही लुकलुक गायब झाली, कारण तबकडीच उद्ध्वस्त झाली असावी. साधारण आठ महिन्यांनी ती परतली. म्हणजे पुढच्या स्फोटाचं इंधन पुन्हा साठू लागलं होतं!

याच स्फोटावर नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी रेडिओ दुर्बीणही रोखलेली होती. तिला आधी ६१० आणि नंतर ३२५ मेगाहर्ट्झवर संकेत मिळाले. भोवतालचा वायू कमी वारंवारितेच्या लहरी जास्त काळ अडवून धरतो.

पुढचा स्फोट झाला ८ ऑगस्ट २०२१ ला, ऐन पावसाळ्यात. वर्ध्यातून ऑगस्टमध्ये हा तारा रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला ६२ अंशांवर असतो, पण ढगांपुढे कोणाचं चालतं? लुकलुक टिपायची तर मे महिना बरा. तेव्हा तो मध्यरात्रीनंतर तितकाच वर येतो. दुर्बिणीला कॅमेरा लावून दर मिनिटाला शेजारच्या स्थिर ताऱ्याशी तुलना करायची.