पुणे शहराचे सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण

पुणे शहराचे सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण हा अर्थशास्त्रज्ञ धनंजय रामचंद्र गाडगीळ (१० एप्रिल १९०१ – ३ मे १९७१) यांच्या नेतृत्वाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने केलेला अभ्यास होय. गाडगीळ १९३० पासून संस्थेचे संचालक होते. सर्वेक्षणाचा आर्थिक भाग १९४५ मध्ये व दुसरा भाग १९५२ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला.

पार्श्वभूमी
१९३४ च्या कारखाने अधिनियमाच्या कक्षेत साधारणतः यांत्रिक शक्तीवर चालणारे, २० किंवा अधिक कामगारांचे कारखानेच येत. त्यामुळे दुकाने, हस्तव्यवसाय व लहान कार्यशाळा त्या आकडेवारीबाहेर राहत. सर्वेक्षणाने अशा व्यवसायांची, तसेच कुटुंबांच्या रोजगाराची व उत्पन्नाची माहिती प्रत्यक्ष पाहणीतून गोळा केली.

मोजमापातील अडचणी
लहान व्यवसायात घरखर्च व धंद्याचा खर्च अनेकदा एकत्र असतो. कुटुंबीयांच्या श्रमाची मजुरी हिशेबात धरली नाही, तर नफा प्रत्यक्षाहून अधिक दिसतो. म्हणून व्यवसायाची कामगिरी केवळ उलाढालीवरून ठरवता येत नाही.

पुढील काळ
सोवनी, आपटे व पेंडसे यांचे पुनर्सर्वेक्षण १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. दरम्यान, १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. औद्योगिकीकरणाबरोबर परिसरात लहान कार्यशाळा वाढल्या आणि पिंपळे गुरवसारख्या गावांची उपनगरे झाली. १ जुलै २०२० पासून लहान उद्योगांसाठी स्वयंघोषणेवर आधारित ‘उद्यम’ नोंदणी सुरू झाली. नोंदणी न केलेले व्यवसाय तिच्या आकडेवारीत येत नाहीत. त्यांच्या अभ्यासासाठी प्रत्यक्ष पाहणी आजही आवश्यक ठरते.