बायपास झाला की हायवेवरच्या धंद्यांचं काय होतं?

ढाबा, पंक्चरचं दुकान, रसवंती हे धंदे वाटेत थांबणाऱ्या गाड्यांवर चालतात. बायपास झाला की या गाड्या गावात येतच नाहीत. रस्ता तोच राहिला, पण दुभाजक बंद झाला, तरी पलीकडच्या बाजूचं गिऱ्हाईक तुटतं.

मुंबई-पुण्यात काय झालं?
द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण सुरू झाला. ९४.५ किमीच्या या रस्त्यावर ठरलेल्या ठिकाणीच चढता-उतरता येतं. त्यामुळे चहा-नाश्त्याचे थांबे फूड मॉलमध्ये गेले. दुचाकी आणि रिक्षांना तिथे बंदी असल्याने त्या आजही जुना हायवे वापरतात. लोणावळ्याच्या चिक्कीला मात्र मुद्दाम येणाऱ्या पर्यटकांचा आधार आहे.

दुकानासमोर थेट रस्ता काढता येतो का?
परवानगीशिवाय नाही. राष्ट्रीय महामार्गासाठी २००२ च्या कायद्यानुसार महामार्ग प्रशासनाकडे अर्ज करावा लागतो.

नुकसानभरपाई मिळते का?
मोबदला संपादित जमीन आणि बांधकामाशी जोडलेला असतो. ज्यांची जमीन गेली नाही, फक्त गिऱ्हाईक गेलं, ते या हिशेबाबाहेर राहतात. त्यात भाड्याच्या जागेतले टपरीवालेही आले. म्हणूनच सर्व्हिस रोड, भुयारी मार्ग यांची मागणी आराखडा ठरतानाच करणं महत्त्वाचं.