एसी/डीसी: एक अल्बम, एक दौरा आणि चार रिकाम्या जागा

माल्कम आणि अँगस यंग या भावांनी १९७३ मध्ये सिडनीत उभ्या केलेल्या एसी/डीसी या रॉक बँडला सदस्यबदल नवे नव्हते. गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये मरण पावल्यावर ब्रायन जॉन्सनला घेऊन त्याच वर्षी ‘बॅक इन ब्लॅक’ काढण्याची धमक या बँडने दाखवली होती. मात्र २०१४ चा ‘रॉक ऑर बस्ट’ हा अल्बम आणि २०१६ पर्यंत चाललेला त्याचा दौरा एवढ्या अवधीत पाचांपैकी चार जागा रिकाम्या झाल्या आणि मूळचा एकटा अँगस उरला.

यांपैकी माल्कमचे जाणे श्रोत्यांना वरकरणी सर्वांत कमी जाणवणारे, पण वस्तुतः सर्वांत मोठे होते. तो ऱ्हिदम गिटार वाजवत असे, म्हणजे अँगससारखे पुढे येऊन एकल वादन न करता ड्रम आणि बेस यांच्या ठेक्याला धरून गाण्याचा सांगाडा उभा ठेवत असे; शिवाय ‘रिफ’, म्हणजे गाण्यात पुनःपुन्हा येणारे छोटे स्वरबंध, घडवण्यातही त्याचा मोठा वाटा होता. स्मृतिभ्रंशामुळे त्याला थांबावे लागले, तेव्हा व्हँकुव्हरमधील ध्वनिमुद्रणाला पुतण्या स्टीव्ही यंग बसला, ज्याने १९८८ च्या अमेरिका दौऱ्यातही काकाची जागा सांभाळली होती. अल्बम बाजारात येण्याच्या तोंडावर ड्रमर फिल रड याला न्यूझीलंडमध्ये अटक झाली आणि दौऱ्यासाठी १९९० च्या ‘द रेझर्स एज’मधील ड्रमर क्रिस स्लेड याला परत बोलावण्यात आले.

ठेक्याची माणसे अशी घरातून किंवा जुन्या ओळखीतून मिळाली. गळा मात्र उसना आणावा लागला. श्रवणशक्ती कायमची जाण्याचा धोका डॉक्टरांनी सांगितल्यामुळे मार्च २०१६ मध्ये जॉन्सन थांबला, अमेरिकेतील कार्यक्रम पुढे ढकलले गेले आणि ‘गन्स एन रोझेस’चा गायक अ‍ॅक्सल रोझ ७ मे रोजी लिस्बनमध्ये, पाय मोडलेला असल्याने खुर्चीत बसूनच, गायला. नाराजी बरीच होती, पण त्याच्यामुळे ‘रिफ रॅफ’सारखी स्कॉटच्या काळातील, मागे पडलेली गाणी पुन्हा मंचावर आली, हेही नाकारता येत नाही.

दौरा सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियात संपला आणि बेसवादक क्लिफ विल्यम्स निवृत्त झाला. माल्कम २०१७ मध्ये वारला. २०२० च्या ‘पॉवर अप’साठी जॉन्सन, रड आणि विल्यम्स तिघेही परतले, स्टीव्ही काकाच्या जागी कायम राहिला, आणि जुन्या, न वापरलेल्या रिफांवर रचलेल्या बाराही गाण्यांचे श्रेय अँगसबरोबर माल्कमच्या नावे नोंदवले गेले.