आगळीक

‘मिसचीफ’ या इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द द्या, असे वर्गात सांगितले तर बहुतेक विद्यार्थी ‘खोडी’ किंवा ‘खोडसाळपणा’ लिहितील. त्यात चूक काही नाही. परंतु १८६० च्या भारतीय दंड संहितेत हाच शब्द कलम ४२५ मध्ये एका गुन्ह्याचे नाव म्हणून येतो, आणि तिथे ‘खोडी’ने भागत नाही. संहितेच्या मराठी पाठात त्या जागी ‘आगळीक’ हा शब्द आहे. हिंदी पाठात ‘रिष्टि’ आहे. हा शब्द न्यायालयाबाहेर कोणा हिंदी भाषकाच्या तोंडी ऐकू येत असेल असे वाटत नाही. मराठी अनुवादकांनी मात्र बोलीतला, अर्थाने भरलेला शब्द उचलला.

जुन्या मराठीत ‘आगळा’ म्हणजे अधिक, वरचढ. ‘आगळावेगळा’ म्हणताना आपण आजही कौतुकच करतो. त्याच ‘आगळ्या’पासून झालेली ‘आगळीक’ म्हणजे अधिकपणा, मर्यादेपलीकडे टाकलेले पाऊल. इंग्रजी शब्दाची चाल याहून निराळी आहे. तो जुन्या फ्रेंचमधून आला तेव्हा त्याचा अर्थ होता वाईट शेवट, दुर्दैव. पुढे तो दुसऱ्याला पोचवलेल्या अपायाला लागला आणि सरतेशेवटी पोरांच्या दांडगाईपर्यंत हलका झाला. (आपल्या ‘व्रात्य’ शब्दाचेही असेच झाले. अथर्ववेदात ज्याच्यासाठी एक सबंध कांड आहे आणि मनुस्मृतीत जो संस्कारभ्रष्ट ठरला, तो व्रात्य आज शेजारच्यांच्या खिडकीची काच फोडतो.) इंग्रजीत एकच शब्द बालवाडीतही चालतो आणि फौजदारी न्यायालयातही. मराठीने या दोन घरांत भिंत घातली, आणि ती घातली हे बरेच झाले.

कलम ४२५ खालची उदाहरणे मुळातून वाचावीत अशी आहेत. दुसऱ्याच्या बर्फघरात पाणी सोडून बर्फ वितळवणे, दुसऱ्याची अंगठी नदीत फेकणे, आणि पीक नासावे या हेतूने दुसऱ्याच्या शेतात गुरे घालणे. यांतले बर्फघर साहेबाच्या कलकत्त्यातले. कयाधूच्या काठच्या कळमनुरीत ते कोणाला ठाऊक असणार? गुरांचे उदाहरण मात्र थेट या तालुक्यातले वाटावे असे. पुढची कलमेही तशीच: बैल, गाय, म्हैस मारणे किंवा जायबंदी करणे, शेतीचे पाणी तोडणे, सरकारी हद्दीची खूण हलवणे. बांध आणि पाणी यांवरून भावाभावांत पिढ्यान्‌पिढ्या वैर चालते, त्या मुलखात या यादीला ‘खोडी’ कोण म्हणेल? कलम ४२७ मधली नुकसानीची मर्यादा पन्नास रुपये होती, आणि १८६० मध्ये ठरलेले हे पन्नास रुपये संहिता रद्द होईपर्यंत पन्नासच राहिले.

ही संहिता १८६२ पासून अमलात आली ती ब्रिटिश हिंदुस्थानात. कळमनुरी तेव्हा निजामाच्या राज्यात होती, पुढे त्याच राज्याच्या परभणी जिल्ह्यात. १८८० नंतरच्या दशकात तिथल्या कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. म्हणजे कळमनुरीच्या कुणब्याने आपले गाऱ्हाणे मराठीत सांगायचे, आणि ते कागदावर उतरायचे उर्दूत. ज्याचे पीक गेले त्याने आपल्या दुःखाला दिलेले नाव दप्तरापर्यंत पोचतच नसे. १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आले, १९५१ मध्ये भारतीय दंड संहिता तिथे लागू झाली, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर आणि १९६० च्या महाराष्ट्र स्थापनेनंतर मराठीला कारभारात जागा मिळाली. (हिंगोली जिल्हा तर १९९९ मधला.)

पण फारसी-अरबी शब्दांना आपण परके म्हणावे अशी सोयही आता उरलेली नाही. ‘कुरापत’ हा अरबी ‘खुराफात’. मूळ अर्थ भाकडकथा. ‘बदमाश’ म्हणजे ज्याची उपजीविका वाईट तो. सरकारी पत्रात हमखास भेटणारे ‘गैरवर्तन’ अर्धे अरबी, अर्धे संस्कृत. भाषाशुद्धीच्या चळवळीलाही ते पुरून उरले. सर्वांत बोलका शब्द ‘गुन्हा’. फारसीत आणि उर्दूत ‘गुनाह’ म्हणजे पाप. अपराधाला उर्दूत ‘जुर्म’ म्हणतात. मराठीने शब्द घेतला, पण त्यातला देव काढून टाकला आणि पोलीस ठेवला. पापाला ‘पाप’ होतेच. कळमनुरीच्या बाजारात मराठी आणि उर्दू शेजारी शेजारी बोलल्या जातात. तिथे एकजण ‘गुनाह’ म्हणून ईश्वराकडे पाहतो, आणि त्याच उच्चाराने दुसऱ्याला ठाणे आठवते.

इंग्रजांनीही या व्यवहारात हात आखडता घेतला नाही. ‘लूट’, ‘ठग’, ‘बदमाश’ हे शब्द त्यांनी इथून नेले. ‘डकैती’ तर संहितेतच घातली, पाच माणसांची किमान अट लावून. आपल्या मराठी पाठात ती ‘दरोडा’ होऊन घरी परतली. कलम ३१० मध्ये ‘ठग’ कोणाला म्हणावे याची व्याख्याही त्यांनी करून ठेवली होती. स्वतःचा ‘मिसचीफ’ इकडे आणला आणि आपला ठग कायदेशीर करून घेतला, असा हा विनिमय.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. ठगाचे कलम त्यात नाही. आगळीक आता कलम ३२४ मध्ये आहे. पन्नास रुपयांच्या जागी वीस हजार आणि एक लाख असे नवे टप्पे आले. पूर्वी लहानसहान जनावराच्या बाबतीत त्याची किंमत दहा रुपये की पन्नास हे पाहून शिक्षा ठरत असे. कलम ३२५ मध्ये ती किंमत विचारलेली नाही.