क्रम आणि अग्रक्रम : शनिवारच्या निमित्ताने

नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर येथे शनिदेवाची शिळा उघड्या चौथऱ्यावर उभी आहे. शनिवारी, विशेषतः शनी अमावस्येस, तेथे भाविकांची मोठी गर्दी लोटते. नवग्रहांच्या रूढ मालिकेत मात्र रवीपासून मोजता शनी सातवा येतो. अनुक्रमात मागे असलेली वस्तू अग्रक्रमात पुढे असू शकते. संगणकीय आज्ञावलीत वस्तूंची मांडणी करताना हा भेद मूलभूत ठरतो. त्याचा इतिहास मात्र संगणकाहून फार जुना आहे.

आर्यभटाने ‘आर्यभटीय’ (इ.स. 499) या ग्रंथात दिलेला नियम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ग्रह मंदगतीकडून शीघ्रगतीकडे लावले असता शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र असा क्रम येतो. सुमारे साडेएकोणतीस वर्षांत एक प्रदक्षिणा पुरी करणारा शनी येथे पहिला. याच क्रमाने ग्रह एकेका होरेचे अधिपती होतात. अहोरात्राच्या होरा 24. त्यांस 7 ने भागता बाकी 3 उरते. म्हणून दुसऱ्या दिवसाची पहिली होरा चौथ्या ग्रहाकडे जाते : शनीनंतर रवी, रवीनंतर सोम. वारांचा क्रम असा एका क्रमातून गणिताने काढलेला दुसरा क्रम आहे. ‘होरा’ हा शब्द ग्रीक परंपरेतून आला, हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. त्याने आर्यभटाच्या नियमाचे मोल कमी होत नाही. एरण येथील बुधगुप्तकालीन स्तंभलेखात (इ.स. 484) गुरुवारची नोंद आहे.

एडगर कॉड यांनी 1970 मध्ये संबंधाधिष्ठित विदासाठ्याची संकल्पना मांडताना, साठवणुकीच्या क्रमावर आज्ञावली विसंबू नये, असे आग्रहाने प्रतिपादिले. क्रम हवा असल्यास तो स्पष्टपणे मागावा लागतो. महाविद्यालयाच्या वेळापत्रकात वार केवळ नावाने नोंदवून वर्णक्रमे लावल्यास गुरुवार पहिला, बुधवार दुसरा आणि शनिवार पाचवा येईल. शुक्रवार त्याच्याही मागे! म्हणून प्रत्येक वारास स्वतंत्र क्रमांक द्यावा लागतो. येथेही एकवाक्यता नाही. ‘सी’ भाषेत रविवार 0, तर आयएसओ 8601 या मानकात सोमवार 1. गंमत अशी, की शनिवारचा अंक दोन्हींत 6 आहे. पहिल्या पद्धतीत तो अखेरचा, दुसरीत उपान्त्य. तेव्हा नुसता अंक साठवून भागत नाही, मोजणीचा आरंभही नोंदवावा लागतो. एखाद्या वारास महत्त्वाने पुढे आणावयाचे असेल, तर त्यासाठी अग्रक्रमाचा रकाना निराळा ठेवणे इष्ट. अनुक्रमाचाच अंक बदलल्यास आठवडा मोडतो.