चादरीचा काठ आणि खेळातले लपलेले नाव

सोलापुरी चादरीच्या काठावर तिच्या उत्पादकाचे नाव विणलेले असते. मोर, वेलबुट्टी आणि भौमितिक चौकटी ज्या यंत्रणेतून उमटतात त्याच यंत्रणेतून ही अक्षरेही उमटतात, म्हणून ती छापाप्रमाणे धुऊन जात नाहीत. संगणकीय खेळांच्या आत दडवलेल्या किंवा वापराविना पडून राहिलेल्या मजकुराची कुळकथा सांगणारे सहसा अमेरिकेतील अटारी कंपनीपासून आरंभ करतात. प्रत्यक्षात ती या काठापासून सुरू करणे अधिक योग्य आहे, कारण त्या मजकुराचे माध्यम आणि त्यामागील श्रेयाचे भांडण, दोन्ही मागावर आधीच तयार झाले होते.

जेकार्ड ही मागावर चढवायची यंत्रणा फ्रान्समधील लिआँ शहराच्या जोसेफ मारी जकार याच्या नावाने ओळखली जाते आणि तिचे साल 1804 मानले जाते. तिच्या आधी बुशाँ याने 1725 मध्ये छिद्रे पाडलेला कागद वापरला होता, फाल्काँ याने कार्डांची साखळी केली होती आणि व्होकांसाँ याने स्वयंचलित मागाचा प्रयत्न केला होता. यंत्रणेचे तत्त्व साधे आहे. प्रत्येक आडव्या धाग्यासाठी, म्हणजे बाण्यासाठी, पुठ्ठ्याचे एक कार्ड असते; छिद्र असेल तेथे सुई आरपार जाते, तिच्याशी जोडलेला हुक जागेवर राहून वर उचलला जातो व त्याबरोबर ताण्याचा उभा धागा उठतो, आणि छिद्र नसेल तेथे सुई मागे ढकलली जाऊन धागा खालीच राहतो. मोराचा तुरा असो की काठावरचे अक्षर, मागाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच: छिद्र आहे किंवा नाही, एवढेच. कार्डे एकदा ओवली की नक्षी कायम होते आणि ती बदलायची तर नवी कार्डे पाडावी लागतात.

तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी सोलापुरात वसवलेले माग, पुढे आलेल्या कापड गिरण्या, यंत्रमागांचा प्रसार आणि सोलापुरी चादरीला मिळालेला भौगोलिक संकेत हा इतिहास सर्वपरिचित आहे. येथे महत्त्वाची आहे ती काठावरच्या नावाची एक बाजू. ते नाव कारखान्याचे असते. आलेखाच्या कागदावर चौकटी भरून नक्षी काढणारा, तिच्यावरून कार्डांना छिद्रे पाडणारा आणि मागावर उभा राहणारा, या तिघांपैकी कोणाचेही नाव चादरीवर येत नाही, जरी ते विणणारी छिद्रे त्यांच्याच हातून गेलेली असतात.

जेकार्डपासून संगणकापर्यंतचा पहिला टप्पा निर्विवाद आहे. चार्ल्स बॅबेज याने 1830 च्या दशकात कल्पिलेल्या विश्लेषक यंत्रासाठी जेकार्डची कार्डे उघडपणे उसनी घेतली. सुमारे 24,000 कार्डांनी रेशमात विणलेले जकारचे चित्रही त्याच्या संग्रही होते. परंतु ते यंत्र पूर्ण झाले नाही, त्यामुळे खरा वाद पुढच्या टप्प्याचा आहे. अमेरिकेच्या 1890 च्या जनगणनेसाठी हर्मन हॉलेरिथ याने छिद्रित कार्डांची गणनयंत्रे केली आणि त्याच्या कंपनीतून पुढे आयबीएम उभी राहिली. हॉलेरिथची कल्पना मागावरून आली की रेल्वेच्या तिकिटावरून?

तिकिटाच्या बाजूने स्वतः हॉलेरिथची साक्ष आहे. रेल्वेतील तिकीट तपासनीस प्रवाशाच्या केसांचा रंग, डोळे, नाक यांचे वर्णन तिकिटावर ठरावीक जागी छिद्रे पाडून नोंदवतो, हे पाहून आपल्याला युक्ती सुचली, असे त्याने सांगितले होते. बरेच अभ्यासक येथेच थांबतात. तथापि जनगणनेच्या कामात त्याचा वरिष्ठ असलेला जॉन शॉ बिलिंग्ज यानेच कार्डांच्या कडांवर छिद्रे पाडण्याची दिशा सुचवली होती आणि हॉलेरिथचा मेहुणा रेशीम-विणकामाच्या धंद्यात होता, ही माहिती तेवढीच ठाम आहे. निर्णायक पुरावा मात्र यंत्राच्या रचनेत आहे. तिकिटावरचे छिद्र माणसाने डोळ्यांनी वाचायचे असते. हॉलेरिथच्या यंत्रात छिद्रातून आरपार गेलेली टाचणी पाऱ्यात बुडून विद्युत्‌मंडल पूर्ण करते आणि छिद्र नसेल तर ती तेथेच अडते. ही जेकार्डच्या सुईचीच रीत आहे. तिकिटाने काय नोंदवावे हे शिकवले असेल, पण यंत्राने छिद्र कसे वाचावे हे मागाने शिकवले, असाच निष्कर्ष काढावा लागतो.

खेळांच्या कार्ट्रिजमध्ये वापरली जाणारी रॉम, म्हणजे फक्त वाचता येणारी स्मृती, या कुळात अगदी सहज बसते. कारखान्यातच मजकूर कोरला जाणाऱ्या प्रकारात चिपच्या ठरावीक जागी जोडणी ठेवली की एक अंक आणि न ठेवली की दुसरा, असा हिशेब असतो. बदल करायचा तर नवा साचा करावा लागतो. पाडलेले छिद्र बुजवण्यापेक्षा ते तसेच राहू देणे स्वस्त पडते, हा पुठ्ठ्याचा व्यवहार सिलिकॉनलाही लागू झाला, आणि खेळांतील लपलेल्या मजकुराचे आयुष्य त्यावरच टिकले.

अटारीचा प्रोग्रॅमर वॉरेन रॉबिनेट याने ‘अॅडव्हेंचर’ या खेळाच्या 4 किलोबाइटच्या रॉममध्ये स्वतःचे नाव झळकणारे गुप्त दालन ठेवले, कारण अटारी आपल्या प्रोग्रॅमरांना श्रेय देत नसे. खेळ बाजारात गेल्यावर सॉल्ट लेक सिटीच्या एका मुलाच्या पत्राने ते उघडकीस आले, तेव्हा नवा साचा करण्याचा खर्च पाहून ते राहू देण्यात आले आणि कंपनीतील स्टीव्ह राइट याने अशा दडवणुकीला ‘ईस्टर एग’ म्हटले. ईस्टरच्या सणाला मुले लपवलेली रंगीत अंडी शोधतात, त्यावरून हा शब्द आला. ‘रॉकी हॉरर’ या 1975 च्या चित्रपटाच्या चित्रीकरणावेळी लपवलेली अंडी पडद्यावर दिसून गेली, त्यावरून तो रुळला, असे दुसरे मत आहे. पण सण दोघांच्याही आधीचा असल्याने त्या मध्यस्थाची गरज भासत नाही. ‘अॅडव्हेंचर’ हा असा पहिला खेळही नव्हे: 1977 च्या ‘स्टारशिप 1’ मध्ये रॉन या निर्मात्याला नमस्कार दडलेला होता आणि तो 2017 पर्यंत कोणाला सापडला नाही.

श्रेयाचे हेच भांडण पझल-प्लॅटफॉर्मच्या उगमापाशीही दिसते. पझल-प्लॅटफॉर्म, म्हणजे फलाटांवरून उड्या मारत कोडी सोडवण्याचा खेळप्रकार, ज्या घराण्यातून आला त्याचा मूळपुरुष 1981 चा ‘डाँकी काँग’ होय; 1994 च्या गेम बॉय आवृत्तीत त्याचे चार जुने टप्पे 101 झाले आणि किल्ली उचलून कुलूपबंद दारापर्यंत नेण्याचे कोडे हाच खेळाचा गाभा ठरला. मूळ खेळावर नाव निन्टेन्डोचे होते, पण त्याचा प्रोग्रॅम लिहिला होता इकेगामी त्सुशिन्की या जपानी कंपनीने, आणि तिच्या लोकांनी रॉममध्ये एक संदेश ठेवला होता: हा प्रोग्रॅम उलगडणे अवघड वाटत असेल तर आम्ही शिकवू, अशा आशयाचा, कंपनीच्या नावासह. खेळताना तो कधीही पडद्यावर येत नाही. स्मृती थेट वाचणाऱ्यालाच तो दिसतो. इकेगामीने 1983 मध्ये हक्कांसाठी खटला भरला आणि 1990 मध्ये तडजोड झाली.

येथे चादर आणि खेळ एकमेकांजवळ येतात. काठावर कारखान्याचे नाव उघड, छिद्रे पाडणारा अदृश्य. पडद्यावर निन्टेन्डोचे नाव उघड, प्रोग्रॅम लिहिणारा रॉमच्या पोटात. याच खेळाची अटारी संगणकांवरील आवृत्ती लिहिणाऱ्या लँडन डायर यानेही आपली आद्याक्षरे अशी दडवली की ती बाहेर आणण्याची रीत तो स्वतःच विसरला. 2009 मध्ये डॉन हॉजेस याने प्रोग्रॅम तपासून ती शोधून काढली. 2008 च्या ‘ब्रेड’ या पझल-प्लॅटफॉर्म खेळात जोनाथन ब्लो याने आठ तारे दडवले, त्यांपैकी एकासाठी जवळजवळ दोन तास एका ढगाची वाट पाहावी लागते; ही दडवणूक कोड्याचाच विस्तार आहे, श्रेयाच्या भांडणातून ती आलेली नाही, म्हणून ती वेगळी शाखा मानावी.

वापराविना उरलेल्या मजकुराची शाखाही वेगळी आहे. तो कोणी लपवत नाही. गाळलेला भाग पुसण्यापेक्षा त्याची वाट बंद करणे सोपे म्हणून तो आत राहतो. 2005 मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’मधील असाच बंद केलेला भाग बाहेरच्यांनी उघडला, तेव्हा त्या खेळाचे अमेरिकेतील वर्गीकरण प्रौढांपुरते करावे लागले. सोलापुरात याची जुळी वस्तू म्हणजे माळ्यावर टांगून ठेवलेले जुने कार्डसंच: नक्षी मागणीतून गेलेली असते, पण एकेका बाण्याचा हुकूम पुठ्ठ्यात शाबूत असतो, आणि संच मागावर चढवला तर तीच चादर पुन्हा उतरू शकते.

इलेक्ट्रॉनिक जेकार्डला पुठ्ठ्याची कार्डे लागत नाहीत, त्यामुळे हे संच आता रद्दीच्या भावाने जाऊ शकतात. ज्यांच्या कारखान्यात असे संच असतील त्यांनी ते विकण्यापूर्वी प्रत्येक कार्डाचे छायाचित्र घ्यावे, आणि नक्षी कोणी काढली व कार्डे कोणी पाडली हे माहीत असेल तर ती नावे संचावर लिहून ठेवावीत.