पाण्याखालील पंख्याचा आवाज : शिडाच्या नौकेवरील दोषनिदानाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हा समुद्रापासून दूर असला तरी येथील इतिहासाच्या अभ्यासकाला सागरी इतिहास परका नाही. चौल हे निजामशाहीचे महत्त्वाचे बंदर होते व तेथील व्यापार शिडाच्या जहाजांवर चालत असे. शीड, डोलकाठी अथवा दोरखंड यांतील बिघाड तांडेलाला डोळ्यांनी दिसत असे. एकोणिसाव्या शतकात शिडाच्या जहाजाला यंत्राची जोड मिळाली आणि जहाज ढकलणारा पंखा, म्हणजेच प्रोपेलर, पाण्याखाली गेला. जे दिसत नाही ते ऐकून ओळखणे भाग पडले. या ऐकण्याचा इतिहास आणि त्यामागील विचारपद्धती यांचा परामर्श प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

मुंबईच्या गोदीत १८२९ साली बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० मध्ये सुएझला गेली. तिला दोन्ही बाजूंना पाणचक्रे होती. चक्राची फळी मोडली तर ती खलाशाला दिसू शकत असे. फ्रान्सिस पेटिट स्मिथ यांनी १८३६ मध्ये इंग्लंडात स्क्रू-पंख्याचे पेटंट घेतले व १८३८ मध्ये ‘आर्किमिडीज’ हे शिडे आणि पंखा दोन्ही असलेले जहाज पाण्यात उतरले. त्याच्या दातेरी चक्रांचा खडखडाट ही आरंभापासूनची तक्रार होती.

याहून गंभीर प्रश्न शाफ्टच्या बेअरिंगचा होता. जहाजाच्या मागील भागातून शाफ्ट बाहेर पडतो तेथे धातूवर धातू घासून झीज होई, शाफ्ट हादरे व पाणी आत येई. जॉन पेन यांनी १८५४ मध्ये तेथे लिग्नम व्हिटी या अतिकठीण लाकडाच्या पट्ट्या बसविण्याची पद्धत आणली. पट्ट्यांमधील फटींतून वाहणारे पाणीच वंगणाचे काम करू लागले. आजच्या लहान नौकांमधील रबरी अस्तराचे बेअरिंग याच तत्त्वावर चालते.

पुढे १८९४ च्या सुमारास ‘डेअरिंग’ या ब्रिटिश युद्धनौकेच्या चाचण्यांत अपेक्षित वेग मिळेना. अतिवेगाने फिरणाऱ्या पात्यांजवळ पाण्याचा दाब घटून वाफेचे बुडबुडे होतात, हे त्यामागील कारण होते. चार्ल्स पार्सन्स यांनाही ‘टर्बिनिया’ नौकेवर हीच अडचण आली. हे बुडबुडे फुटताना केवढा दाब निर्माण होतो याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडले. तो दाब धातूवर खड्डे पाडतो, आणि नाविकाला पात्यांवर खडी आदळल्यासारखा आवाज येतो.

दोषनिदानाची पद्धती :

गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. एकट्याच्या नौकेवर वेगळा यंत्रज्ञ नसतो. शीड सांभाळणाऱ्यालाच यंत्राचेही ऐकावे लागते.

अशा वेळी पहिला प्रश्न, आवाज कसा आहे हा नसून तो कोणत्या स्थितीत येतो, हा असतो. गिअर न टाकता इंजिन चालवूनही आवाज आला, तर दोष इंजिनाकडे संभवतो. गिअर टाकताच आला, तर गिअरपेटी, शाफ्ट, बेअरिंग वा पंखा यांचा संशय येतो. इंजिन बंद असून नौका केवळ शिडावर चालली असता आवाज येत असेल, तर पाण्याच्या प्रवाहाने पंखा आपोआप फिरत असण्याची शक्यता असते. यंत्राच्या उत्पादकाची मुभा असल्यास गिअर टाकून शाफ्ट अडवावा. आवाज थांबला तर उगम फिरणाऱ्या भागांत आहे. न थांबल्यास सुकाणूकडे पाहावे.

यानंतर आवाजाचे स्वरूप उपयोगी पडते. फेऱ्यांबरोबर वाढणारी धडधड वाकलेला शाफ्ट किंवा दुखावलेले पाते सुचविते. अचानक सुरू झालेला हादरा पुष्कळदा पंख्यात गुरफटलेल्या दोरीचा वा जाळ्याचा असतो. मंद गतीतील किरकिर कोरड्या बेअरिंगची व ठकठक झिजलेल्या बेअरिंगची असू शकते. ठराविक वेगालाच उमटणारा गुणगुणता सूर पात्याच्या मागील कडेच्या कंपनाचा असतो व ती कड तासल्याने तो सहसा जातो. अंतिम निर्णय मात्र नौका पाण्याबाहेर काढून शाफ्ट हाताने हलवून पाहिल्यावरच द्यावा.

इतिहासाच्या अध्यापकाला ही पद्धती ओळखीची वाटेल. कागद कोणी, केव्हा व कोणत्या परिस्थितीत लिहिला हे ठरविल्याशिवाय आपण त्यातील मजकुरावर विसंबत नाही. आवाज हाही एक पुरावाच होय. एका लक्षणाला अनेक कारणे संभवतात, म्हणून एकेक शक्यता वगळत जावे लागते.

निष्कर्ष :

पेन, पार्सन्स व रॅले यांची नावे ग्रंथांत राहिली. परंतु स्वातंत्र्योत्तर काळात कोकणातील मच्छीमार नौकांवर इंजिने आली, तेव्हा ज्या तांडेलांनी व मिस्त्रींनी पेचकसाचे टोक यंत्राला व मूठ कानाला लावून हे ज्ञान कमावले, त्यांची नोंद क्वचितच झाली. आपल्या जिल्ह्यातही परिस्थिती वेगळी नाही. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. त्याच्या संस्थापकांचा इतिहास लिहिला गेला, पण यंत्रघरात आवाजावरून बिघाड ओळखणाऱ्या कामगारांचे कौशल्य किती लिहिले गेले, हा प्रश्न उरतो. विहिरीवरील डिझेल इंजिनाची धडधड बदलताच शेतातून धावत येणारा शेतकरीही याच परंपरेतील होय.

हे ज्ञान कागदावर नसून माणसांच्या कानांत आहे आणि ती पिढी आता थकली आहे. महाविद्यालयीन इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांकरवी अशा कारागिरांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवल्यास मौखिक इतिहासाचे एक मोलाचे साधन वाचेल. हे काम पुढे ढकलल्यास, यंत्रांचे आवाज राहतील, पण त्यांचा अर्थ सांगणारे राहणार नाहीत.